निवट्यांची साक्ष

नागावच्या आमच्या वाडीत आम्ही दोन खोल्या पाहुण्यांना देतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक निवृत्त इंजिनियर बायकोसोबत आले. माझे सासरे हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे, हे चहा देताना मी त्यांना सांगायला नको होतं.

"मग उत्क्रांतीही शिकवली असेल," इंजिनियर म्हणाले.

"शिकवली. अजून कोणी विचारलं तर शिकवतो," ओटीवर बसलेले सासरे म्हणाले.

"मास्तर, मी आयुष्यभर पंप बनवले. एकही आपोआप तयार झाला नाही. मग माणसाचं हृदय कसं आपोआप होईल?"

"तुमच्या पंपांना पिल्लं होतात का?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

वाद लांबला, नाश्त्याचे घावणे गार झाले. शेवटी बोलणं जीवाश्मांवर आलं. मासे जमिनीवर आले म्हणता, तर मधले कुठे आहेत, असं इंजिनियरांचं म्हणणं. सासऱ्यांनी जाडजूड पुस्तक आणून पायांसारखे पर असलेल्या माशाच्या जीवाश्माचा फोटो दाखवला.

"फोटो काय, माझी नात मोबाईलवर रोज असले बनवते."

सासरे उठले, स्कूटर काढली आणि तासाभराने खाडीवरून परतले. पायांशी बादली, बादलीत जिवंत निवट्या. निवटी हा चिखलातला मासा. ओहोटी लागली की पाण्याबाहेर येतो आणि पुढच्या परांवर रेटत चालतो. आमच्याकडे त्याचं कालवण करतात.

"हा आपला पूर्वज नव्हे," सासरे वर्गातल्या आवाजात म्हणाले. "पण मासा पाणी सोडून चालू शकतो की नाही, ते बघा."

इंजिनियर बघायला वाकले, त्यांचा गुडघा लागला आणि बादली आडवी झाली. निवट्या ओटीभर पसरल्या. दोन पायपुसण्याखाली गेल्या, एक इंजिनियरांच्या चपलेत जाऊन बसली. दोघे म्हातारे हातापायांवर रांगत त्यांच्या मागे.

"बघा, पर कसे हातांसारखे वापरते," सासरे धापा टाकत म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. केवढं डोकं लावून बनवलीय."

सासूबाई परात घेऊन आल्या. त्यांनी एकेक निवटी उचलून परातीत टाकली आणि विचारलं, "तुमचं बघून झालं असेल तर मसाला वाटू का?"

दुपारी दोघांनीही कालवण दोनदा मागून घेतलं. जेवताना कोणी शब्द काढला नाही. "हे इतका वेळ गप्प बसलेले मी लग्नात पाहिले होते," इंजिनियरांची बायको मला हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघताना इंजिनियरांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: 'सृष्टीची रचना अप्रतिम. बाथरूमचा नळ गळतो.'

त्यांची गाडी फाटकाबाहेर वळल्यावर सासऱ्यांनी चष्मा लावून ते वाचलं. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: 'सुधारणा हळूहळू होते.'

नळ मात्र नवऱ्याने त्याच संध्याकाळी बदलला.