पांढऱ्या वायरीचा जोड

मंगळवार, ४ नोव्हेंबर. हवा कोरडी. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळू लागला. खालच्या मिस्त्रींना सांगितले. रविवारी बघतो म्हणाले. त्यांची ताई आज सहा पंचविसाला निघाली, नेहमीपेक्षा पंधरा मिनिटे उशिरा.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी रोजच्या वहीत हे लिहिलं, तेव्हा त्या पंधरा मिनिटांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मिस्त्रींना होता.

मिस्त्री विजेच्या सायकली दुरुस्त करत. ताशी पंचवीस किलोमीटरला मोटर जोर सोडते. ती मर्यादा काढून द्या म्हणत रोज कोणीतरी दुकानात यायचं आणि मिस्त्री कानावर हात ठेवायचे. त्यावरून त्यांचं नावच पडलं होतं, पंचवीसवाले. एका पाववाल्यानं हिणवलं, की तुमच्या सायकलीला गोगलगायसुद्धा मागे टाकते. मिस्त्री म्हणाले, "टाकू दे. तिला घाई असेल."

पण ताई काही गिऱ्हाईक नव्हती. ती इस्पितळात परिचारिका. सातच्या आत पोचायचं, आणि त्याआधी अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं उरकायचं. आईच्या केसांना महिनाभर फणी लागली नव्हती. ते कापून टाकावेत असं ताईच्या मनात आलं होतं, पण आईला विचारायची हिंमत होईना.

"मला सकाळी पंधरा मिनिटं हवीत रे," ती भावाला म्हणाली. "दुसरं काही मागितलंय का कधी?"

मिस्त्रींनी सीटखालची डबी उघडली, वेग अडवणाऱ्या पांढऱ्या वायरीचा जोड सोडवला आणि टोकांना टेप गुंडाळली. काम दोन मिनिटांचं. या वेगाला जुने ब्रेक पुरणार नाहीत हे त्यांना कळत होतं. नवे रविवारी बसवू, म्हणाले. तो रविवार गिऱ्हाइकांत गेला, पुढचाही गेला. घरचीच तर सायकल, कुठं पळून जाते?

तिसऱ्या आठवड्यात गिरणीजवळच्या उतारावर ताईनं ब्रेक दाबले, आणि सायकल उभ्या ट्रकवर गेली. तिला तिच्याच इस्पितळात नेलं. शुद्धीवर न येताच ती गेली.

भेटायला येणारा प्रत्येक जण रस्त्यालाच दोष देई. आठ दिवस मिस्त्री मान डोलवत राहिले. पंचवीसवाले म्हणून आता कोणी हाक मारत नव्हतं.

नवव्या दिवशी काकू चहा घेऊन खाली गेल्या, तेव्हा मिस्त्री फणी हातात धरून आईच्या उशाशी बसले होते. काकू आल्याचंही त्यांना कळलं नाही.

"आई, तिच्या सायकलीची मर्यादा मी काढली होती. ब्रेक बदलायचे राहून गेले."



"ती म्हणायची, सायकल आता झकास पळते, उशीर होत नाही," आई म्हणाल्या. "म्हणून मी थांबवून घ्यायचे. वेणी सैल झाली, परत घाल, म्हणायचे. त्या दिवशीही दोनदा घालून घेतली."

मग त्यांनी मान वळवून केस पुढे केले.

मिस्त्रींना वेणी येत नव्हती. वायरी पिळतात तसे त्यांनी केस पिळले आणि टोकाला रबर लावलं.

काकू रिकामे कप घेऊन वर आल्या. नळाची आठवण करून देणं काही त्यांना जमलं नाही. संध्याकाळी वहीत लिहिलं: नळ गळतोच आहे. खाली पातेले ठेवले.