सोमवारची बदकं

आमची मुलुंडची बिल्डिंग पाडायचं ठरलं तेव्हा मला दुःख वगैरे झालं नाही. गच्ची गळायची, लिफ्ट आपल्या मर्जीने चालायची. पाडा म्हटलं. मला काळजी एकाच गोष्टीची होती. माझा डबा टीव्ही भाड्याच्या घरात येणार की भंगारात जाणार?

डबा टीव्ही म्हणजे जुना, पाठीमागे पोट सुटलेला, जाड काचेचा. मालिका आणि बातम्यांसाठी आमच्याकडे भिंतीवर चपटा टीव्ही आहे. डबा माझ्या व्हिडिओ गेमसाठी. तो बेडरूममध्ये कपाटाला खेटून असायचा आणि त्याच्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे, त्यामुळे निदान तेवढ्या कामाला तरी तो येतो असं सगळे मानायचे.

माझा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा घेऊन घेऊन तो घरातही ठरावाच्या भाषेत बोलायला लागला होता. भाड्याचं घर आमच्या घरापेक्षा लहान. एके दिवशी त्याने जेवताना जाहीर केलं, "प्रत्येक सदस्याला एक निरुपयोगी वस्तू सोबत नेता येईल. बाकी सगळं भंगार. सोमवारी संध्याकाळी भंगारवाला येतोय. कोणाचा आक्षेप?"

"निरुपयोगी काय ते कोण ठरवणार?" मी विचारलं.

"समिती."

"समितीत कोण आहे?"

"मी."

समितीने स्वतःसाठी कॅरम बोर्ड घेतला. तो एकदा भिजून असा फुगलाय की मधोमध ठेवलेली सोंगटी कोणी हात न लावता कोपऱ्यात जाते. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलीने अर्धी बटणं मुकी झालेला कीबोर्ड घेतला, वाजवायचा तो. सासूबाईंनी पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेतला. मी माझं गेमचं खोकं सांगितलं. त्यात मशीन, दोन रिमोट, कॅसेटी आणि एक वायरवाली बंदूक.

"आणि टीव्ही," मी म्हटलं.

"टीव्ही ही दुसरी वस्तू झाली."

"अरे, टीव्हीशिवाय बंदूक घेऊन काय करू? पाली मारू?"

"चपट्या टीव्हीला लाव."

इथेच तर गाडी अडते. रणगाड्यांचा गेम चपट्या टीव्हीवर चालतो, मोटारसायकलचा चालतो. बंदूक चालत नाही. त्या बंदुकीला फक्त जुन्या काचेच्या टीव्हीचा उजेड कळतो. चपट्यासमोर तुम्ही दिवसभर चाप ओढा, बदकं आरामात उडत राहतात, जशी काही तुम्ही घरातच नाही. हे मी त्याला करूनही दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे बंदूकही निरुपयोगीच." त्याच्याशी असं भांडण करण्यात अर्थ नसतो. मीटिंगांमध्ये त्याने भल्याभल्यांना दमवलंय.

बंदुकीचा गेम हा माझा सगळ्यात आवडता, आणि हे मी बऱ्यापैकी विचार करून सांगतेय, कारण मी लहानपणापासून जे हाताला लागेल ते खेळलेय.

सुरुवात घाटकोपरला झाली. माझ्या आतेभावाकडे कोणीतरी गल्फमधून टीव्ही गेम आणला होता. मी हट्ट धरला म्हणून त्याने मला दुसरा रिमोट दिला. मी अख्खी दुपार जीव तोडून बटणं दाबली आणि आपण काय भारी खेळतोय असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी रिमोटची वायर कुठे जाते ते बघितलं. कुठेच जात नव्हती. तेव्हापासून कुठलंही काम हातात घेतलं की मी आधी वायर बघते.

मग दहावीच्या निकालावर वडिलांनी मला माझं मशीन घेऊन दिलं. कॅसेटवर लिहिलं होतं की हिच्यात हजारो गेम आहेत. मोजून सात होते. आठव्यापासून पुन्हा तेच, फक्त रणगाड्याचा रंग वेगळा. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. फुंकरीने नक्की काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण फुंकर कशी मारायची यावर प्रत्येकाचं ठाम मत होतं. माझी आई चुलीत मारतात तशी लांब मारायची आणि तिच्या हातून कॅसेट हमखास चालायची.

वडिलांची खात्री होती की गेममुळे टीव्हीची ट्यूब जाते. कामावरून आले की बूट काढायच्या आधी ते टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे, तापकरी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. गरम लागला की माझं खेळणं बंद. म्हणून ते यायच्या वेळेला मी आणि आई वर्तमानपत्राने टीव्हीला वारा घालायचो. आई माझ्या बाजूने होती असं नाही. तिला रणगाड्यांची पुढची लेव्हल बघायची असायची.

पुढे फोनमध्ये सापाचा गेम आला. मला बघायला मंडळी आली तेव्हा मी आतल्या खोलीत साप खेळत होते. साप अर्ध्या स्क्रीनएवढा लांब झाला होता, त्याला सोडून पोह्यांचा ट्रे उचलायला मी काही वेडी नव्हते. बाहेर सगळे ताटकळले. शेवटी मला आणि मुलाला बोलायला म्हणून बाल्कनीत उभं केलं, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "स्कोअर किती?" मी सांगितला. त्याने आपला फोन खिशात टाकला. त्याचा कमी होता.

तर तो हा नवरा. आता समितीत आहे.

लग्नानंतर शेतीच्या गेमने माझी वाट लावली. वेळेवर काढली नाहीत तर वांगी वाळायची, म्हणून मी ऑफिसातल्या मीटिंगमधून उठून वांगी काढायला जायचे. साहेबांना वाटायचं माझी तब्येत बरी नाही. घरच्या फ्रिजमधली वांगी मात्र वाळून जायची आणि त्यावरून सासूबाई बोलायच्या. हल्ली मुलगी मला नवे मोठे गेम देते. घोड्यावरून फिरा, डोंगर बघा, हिरोचं बालपण ऐकून घ्या. मला त्याचं बालपण नको असतं. काय मारायचं आणि कुठून, एवढं सांगा. बंदुकीच्या गेममध्ये कोणी काही सांगत बसत नाही. बदक उडालं, चाप ओढला, पडलं. नाही पडलं तर चूक आपली. खेळ असावा तर असा.

सोमवार उजाडला. नवऱ्याने सुट्टी घेतली होती. सामान बहुतेक बांधून झालं होतं. बेडरूममधलं कपाटही गेलं होतं आणि रिकाम्या खोलीत डबा एकटाच जमिनीवर बसला होता. मी दुपारी मशीन जोडलं. नवऱ्याला म्हटलं, "भंगारात टाकायच्या आधी एकदा खेळून तर बघ. कदाचित मत बदलेल."

तो दाराजवळ उभा राहिला, एक डोळा मिटला, आणि गेले ते दिवस आठवत असल्यासारखा चेहरा करून धडाधड चाप ओढला. एकही बदक पडलं नाही.

"बघ, चालत नाही," तो म्हणाला.

मी बंदूक घेतली आणि आलेलं प्रत्येक बदक पाडलं.

"तुला येतं गं. पण घरात दुसरं कोण खेळणार आहे? एकीच्या छंदासाठी एवढी जागा? मी टेपने मोजलंय, हा टीव्ही एका माणसाच्या झोपण्याची जागा खातो."

"दुसरं कोणी खेळलं तर?"

समितीने विचार केला. "तर बघू."

मी मुलीला हाक मारली. ती आली, तिने बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मम्मा यार, बंदुकीला वायर? सैनिक प्लग शोधत फिरणार का?" नवरा खूश झाला. तिने माझ्यासाठी म्हणून दोन बार काढले आणि तिसऱ्याला फोन वाजला म्हणून बंदूक माझ्या मांडीवर टाकून गेली.

सासूबाई तिथेच कोपऱ्यात गादीच्या गुंडाळीवर बसून वाल सोलत होत्या. त्या मूळच्या मालवणच्या. मुंबईत जन्म गेला तरी बोलतात तशाच. त्यांनी वालाचं ताट बाजूला सरकवलं आणि हात पुढे केला.

"दी माका."

मी बंदूक दिली. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं.

"ही बदका?"

"हो आई. उडाली की मारायची."

त्यांनी बंदूक खाली ठेवली. "आज सोमवार."

"बरं मग?"

"मग काय? आज मी बदका मारूचंय नाय."

"आई, ती खोटी आहेत!" मी म्हटलं.

"मी खरी असंय मा?"

नवरा दारात उभा राहून हसायला लागला. त्याला हसण्याचं काही कारण नव्हतं. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी आमच्या घरात अंडंसुद्धा फुटत नाही हे त्यालाही माहीत आहे, आणि बिर्याणीची जाहिरात लागली की सोमवारी सासूबाई चॅनल बदलतात हेही. भंगारवाला यायला आता थोडाच वेळ होता. मला टीव्ही वाचवायचा होता आणि घरातला एकमेव दुसरा खेळाडू सोमवारी शिकार करायला तयार नव्हता.

मग मला आठवलं. त्याच गेममध्ये शेवटचा एक भाग असतो. त्यात बदकं नसतात, हवेत बशा फेकतात. मी तो सहसा खेळत नाही, बशी पडल्याचा मला काही आनंद होत नाही. पटकन बटण दाबून मी बशा लावल्या.

"आई, हे बघा. बशा."

"चिनी मातीचे?"

"असतील."

"फुटले तर चलतले," त्या म्हणाल्या आणि उठल्या. सरळ टीव्हीपाशी गेल्या, पाट ओढून बसल्या, बंदुकीचं तोंड काचेला टेकवलं आणि उडालेली बशी फोडली. मग दुसरी. मग तिसरी.

"आई, इतक्या जवळून चीटिंग होतं ते. लांबून मारायचं असतं."

"लांबसून माका दिसना नाय."

"तरी पण—"

"तू गप रव. इली बघ आणखी एक."

मी आयुष्यभर काचेला बंदूक टेकवणाऱ्यांशी खेळायचं टाळलंय. त्या दिवशी मी बंदुकीची वायर सैल करून दिली.

सासूबाईंच्या बशा चालू असतानाच बेल वाजली. भंगारवाला आत आला, टीव्हीच्या दोन्ही बाजूंनी हात घातला आणि म्हणाला, "मावशी, जरा सरका."

"खंय नेतंस?"

"भंगारात, मावशी."

"माझो टीव्ही भंगारात?" त्यांनी मान न वळवता विचारलं. आणखी एक बशी फुटली.

नवरा पुढे आला. "आई, तुझी वस्तू बंब आहे. नियमाप्रमाणे प्रत्येकाला एकच."

"बंब निरुपयोगी कोणी म्हटल्यान? उद्या गॅस संपलो तर तू आंघोळ कसली करतलंस? बंब भांड्यांत घाल. आणि टीव्ही माझ्या नावार लाव."

"अगं, पण तो ठराव—"

"तुझ्या ठरावाक मी सही केलेली असा?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वालाचं ताट पुढे ओढलं आणि सोलायला लागले. सोसायटीतले एवढे सभासद त्याने पटवले होते, वकील पटवले होते, गच्चीवर हक्क सांगणारा वरच्या मजल्यावरचा गृहस्थ पटवला होता. शेवटी तो भंगारवाल्याला म्हणाला, "कॅरम बोर्ड घेऊन जा."

टीव्ही टेम्पोतून आला. नव्या घराच्या लिफ्टमध्ये तो मावेना म्हणून दोघांनी जिन्याने वर चढवला आणि प्रत्येक मजल्यावर टेकून आम्हाला शिव्या दिल्या. तो सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, कारण टीव्ही त्यांचा. इथेच माझा हिशोब चुकला. मला वाटलं होतं, नाव त्यांचं आणि खेळणार मी.

सासूबाई सकाळची पूजा झाली की बसतात. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बशा. बाकीच्या दिवशी बदकं, आणि बुधवारी जरा जास्तच. खालच्या मजल्यावरच्या बायका बघायला येतात. कोणी त्यांना लांबून मारून दाखवा म्हटलं तर त्या म्हणतात, गेमचा नियम तसाच आहे, सुनेला विचारा. मी हो म्हणते. मला खेळायचं असेल तर त्यांची दुपारची झोप लागेपर्यंत थांबायचं, आवाज बंद ठेवायचा, आणि त्यांना जाग आली की उठायचं. लेव्हल अर्धी असली तरी उठायचं.

परवा त्या उठल्याचं मला कळलंच नाही. मी खेळत राहिले. पाठीमागे त्या गावच्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "सून तशी वायट नाय गो. रांधता बरा, बोलता बरा. पण काय सांगू तुका, सारखी माझ्या टीव्हीक हात लावता."