आ कर

औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. हे नाव सुपरवायझरनं ठेवलं होतं, आणि कौतुकानं ठेवलं होतं. सरकत्या पट्ट्यापाशी बसायचं आणि टवका उडालेली, डाग पडलेली गोळी चिमट्यानं उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. शेजारणींबरोबर गप्पांना तीही मागे नव्हती, पण तोंड गप्पांत असलं तरी डोळे पट्ट्यावर. तिचा नवरा गॅरेजात मेकॅनिक होता. तो म्हणायचा, हिच्यासमोर शर्टाचं बटण चुकवून उभं राहायची सोय नाही.

आणि याच बाईच्या जिभेवर लग्न झाल्यापासून रोज सकाळी एक गोळी ठेवली जात होती, ती मात्र तिनं कधी घारीच्या नजरेनं पाहिली नव्हती. कारण ती ताई ठेवत होती. ताईच्या हातातलं काही तपासून घ्यायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

घारीच्या जन्माच्या वेळीच आई गेली. वडील त्यानंतर घरात असून नसल्यासारखे. थोरलीनं शाळा सोडली आणि धाकटीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. धाकटी लहानपणी गोळी थुंकून टाकायची, म्हणून ताईची पद्धत ठरलेली होती. हनुवटी धरायची, ‘आ कर’ म्हणायचं, गोळी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायचं आणि पुन्हा ‘आ’ करायला लावून गिळली का ते बघायचं. धाकटी मोठी झाली, कारखान्यात लागली, लग्न होऊन त्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहायला गेली, तरी पद्धत मोडली नाही. ताई त्याच कारखान्याच्या धुलाईखात्यात होती. दोघी बरोबर निघायच्या. निघताना ताई बामच्या जुन्या डबीतून गोळी काढायची. रक्तवाढीची आहे, म्हणायची, तू फिकी दिसतेस. तीन आठवडे बारीक पांढरी, मग आठवडाभर तपकिरी, म्हणजे उष्ण पडत नाही. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर पहारेकरीण पुन्हा तोंड उघडायला लावायची, गालात माल दडवून कुणी नेऊ नये म्हणून. घार हसून सांगायची, मी सकाळी ताईसमोर आ करते आणि संध्याकाळी कंपनीसमोर.

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. सासूबाई तोंडानं काही बोलायच्या नाहीत. शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेऊन बसायच्या, तेवढं पुरायचं. घारीला मूल हवं होतं. तिनं कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला होता आणि कुणी विचारलं तर कागद अंथरायचाय म्हणून सांगायची. डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा ताईच बरोबर आली होती. तपासताना हात धरून उभी होती. कुठलं औषध चालू आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा उत्तर ताईनंच दिलं. रक्तवाढीच्या गोळ्या, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर घार जिन्यात बसून रडली आणि ताईनं तिला पदराखाली घेतलं.

मग कारखान्यात नवीन माल सुरू झाला. तिथलं काम पंख्याखाली, पाठ टेकायला खुर्ची. धाकटीच्या पाठीला आराम पडावा म्हणून ताईनंच सुपरवायझरच्या मागे लागून तिची बदली करून घेतली. तिथं कुठला माल आहे, हे विचारायचं ताईला सुचलं नाही. धुलाईतल्या बायकांना काय, सगळ्या गोळ्या सारख्याच. त्यांना फक्त कोटावरचे डाग माहीत.

पहिल्या दिवशी पट्ट्यावरून बारीक पांढऱ्या गोळ्या आल्या. मधोमध रेघ. घारीला वाटलं, ही कुठंतरी पाहिलीय. मग शेजारच्या पट्ट्यावरून तपकिरी आल्या. पुढे दोन्ही एका पाकिटात बसत होत्या, पांढऱ्यांच्या तीन रांगा आणि शेवटी तपकिरी गोळ्यांची एक. तिचा चिमटा हातातच राहिला. समोरून टवका उडालेली एक गोळी गेली, दुसरी गेली. पाकिटं भरणारीला तिनं विचारलं, ही कसली गं? ती हसली. एवढं ठाऊक नाही? पाळणा लांबवायची.

सुपरवायझर येऊन ओरडून गेला, ते घारीच्या कानात शिरलं नाही. चार वर्षांच्या सगळ्या सकाळी एकामागून एक तिच्यासमोरून जात होत्या आणि त्यातली एकही तिला उचलून बाजूला टाकता येत नव्हती.

संध्याकाळी ती घरी न जाता ताईकडे गेली. ताई जमिनीवर बसून मोजे रफू करत होती. घारीनं फळीवरची डबी काढली, उघडली आणि तिच्यापुढं ठेवली. आज हाच माल भरला, एवढंच म्हणाली. ताईची सुई थांबली. तिनं नाही म्हटलं नाही, की नवलही दाखवलं नाही. एखादा शब्द खोटा बोलली असती तर घारीला ते सोसलं असतं.

“आई गेली तेव्हा मी दारात उभी होते,” ताई म्हणाली. “किती रक्त गेलं ते मी पाहिलंय. तुझं तसं झालं असतं तर मी काय केलं असतं?”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.”

“नसतंच ऐकलं. माझं पोट आहे, ताई.”

ताई म्हणाली, तुझं पोट म्हणतेस, पण तुला उपाशी न ठेवता वाढवलं ते कुणी? मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून तिनं मोजा पुन्हा हातात घेतला. घारीला जिना आठवला. पोटात कशामुळं काही धरत नाही हे पुरतं माहीत असूनही या बाईनं तिला पदराखाली घेतलं होतं आणि तिचं रडणं थांबेपर्यंत पाठीवरून हात फिरवला होता. परक्यानं गळा कापला तर ओरडता तरी येतं. हा केसानं कापला होता, आणि केस ताईचा होता. ती उठली आणि घरी गेली.

घरी सांगितल्यावर नवरा तांबडालाल झाला, आणि त्याचा राग खरा होता. पण राग ओसरायच्या आत सासूबाई कामाला लागल्या. नोकरी सोड, आता उशीर नको, वर्षाच्या आत पाळणा हलू दे. नवराही मान डोलवू लागला. घार दोघांकडे बघत राहिली. तिला मूल अजूनही हवं होतं, पण तिच्या पोटाचा बेत पुन्हा तिला वगळून चालला होता.

“मी सांगेन तेव्हा,” ती म्हणाली. “आणि मी सांगेपर्यंत कुणी विषय काढायचा नाही.”

सासूबाईंनी तोंड फिरवलं. नवरा आईकडे पाहून मग बरं म्हणाला. त्या ‘बरं’वर तिनं लगेच विश्वास टाकला नाही.

बहिणींचं बोलणं तुटलं. एकाच रस्त्यानं जायच्या, पण पुढं-मागं. पुढं हिवाळ्यात घार तापानं पडली. नवरा कामावर, सासूबाई लेकीकडे गेलेल्या. दार ढकलून ताई आत आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गोळी. ताई वाळली होती. उशाशी बसून तिनं सवयीनं घारीची हनुवटी धरली.

“तापाची आहे,” ती म्हणाली. “आ कर.”

आणि घारीचं तोंड उघडलं. तिला न विचारता, आपोआप, लहानपणापासून उघडत आलं होतं तसं. तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं ओठ घट्ट मिटले, ताईचा हात हनुवटीवरून बाजूला केला आणि म्हणाली, “पाकीट आण.”

ताई गेली आणि पाकीट घेऊन आली. घारीनं ते उजेडात धरलं. नाव वाचलं, तारीख वाचली, एक गोळी बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पाहिली. खरंच तापाची होती. तिनं ती स्वतःच्या हातानं तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. गिळली का ते बघायला ताई सवयीनं पुढं वाकली होती. घारीनं तोंड उघडलं नाही. कूस बदलून ती भिंतीकडे वळली आणि ताई पेला उचलून बाहेर जाईपर्यंत तशीच पडून राहिली.