आईने पाठवलेल्या कडक भाकरी

माझ्या आईने सोलापूरहून पाठवलेली कडक भाकरी खोलीतल्या सोबत्याने आमटीत चुरायला घेतली, तेव्हा तिच्यावर आईच्या बोटांचे ठसे मला दिसले. माझ्या ताटात अंडी आणि मेथीची भाजी होती. सातवीतून शाळा सोडलेल्या मला डॉक्टरीणबाईंनी न कंटाळता समजावलं होतं, "इन्सुलिन आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही. भाकरी, भात सोडा, वजन उतरवा." त्यांचे उपकारच. पण परमुलखात माणसाचं घर जिभेवरच उरतं, आणि मला तेच बंद झालं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "भाकरी पुरल्या का रं?"

आजाराचं सांगितलं तर तीच जेवायची नाही. "संपल्या, आई."

"मग उद्या परत थापते. मनगट दुखतंय, पण तू खातोयस ना, बास."