करंडीतला लाल दोरा

शकीलाआपांनी मला माझ्याच पॅकहाउसमधून बाहेर काढलं होतं.

हाताला धरून, चाळीस बायकांसमोर.

आज सकाळी आपा गेल्या. दुपारी माती देऊन आलो. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंपळगावजवळ हायवेला आमचं छोटं पॅकहाउस आहे. बागेतून द्राक्षांचे घड येतात, बायका खराब मणी कात्रीने काढतात, बॉक्स भरतात, माल परदेशी जातो. आपा या बायकांच्या मुकादम होत्या.

मी त्याआधी बारा वर्षं सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला होतो. प्रत्येक पार्ट मोजायचा, मोजलेला पुन्हा मोजायचा.

लोखंडाला कितीही वेळा हात लावा, त्याला काही होत नाही. मी तीच सवय घेऊन द्राक्षात आलो.

पहिल्या सीझनला मी प्रत्येक टेबलामागे उभा असायचो. भरलेला बॉक्स उघडायचो, घड उचलून चहूबाजूंनी फिरवायचो, परत ठेवायचो. एखादा मणी राहिलेला दिसला की बाईच्या हातातली कात्री मीच घ्यायचो.

बायको म्हणायची, "तू गॅसवर उकळत ठेवलेल्या चहाचंसुद्धा चार वेळा झाकण काढतोस."

मला वाटायचं, यालाच मेहनत म्हणतात.

मग खरेदीदाराचा माणूस आला. निम्मा माल नापास. म्हणाला, "घडांवर बोटं उमटलीत. तीन दिवस देतो. पुन्हा असंच दिसलं तर यंदा तुमचा माल बंद."

आमच्याकडे तो एकच खरेदीदार होता. नोकरी सोडून आलो होतो, वडिलांचा विरोध पत्करून. सीझन गेला असता तर पॅकहाउसला कुलूपच होतं.

मी बायकांवर खेकसलो. "उद्यापासून एकेक बॉक्स मी स्वतः बघणार."

आपा शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे आजवर कोण बघत होतं?"

त्यांनी दोन बॉक्स आणून ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवले. मण्यावर जन्मतःच एक पांढुरका थर असतो, बोट लागलं की पुसला जातो. एका बॉक्समधले घड त्या थराने धुरकट दिसत होते. दुसऱ्यातले मणी घासलेल्या भांड्यासारखे चकचकीत.

"हा चकाकतोय ना, तो तू उघडला होता," आपा म्हणाल्या. "आन् हा तू फोनवर होता तवा सुटला. आमी घड देठाला धरतो, भाऊ. तू मण्याला धरतो."

चाळीस बायका खाली बघून कात्र्या चालवत होत्या. त्यांना हे कधीचं माहीत होतं. मला सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

मग आपांनी माझा हात धरला आणि मला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. "तीन दिस इथंच. हाताला चैन नसंल तर वजनकाटा पुस."

मी म्हणालो, "आपा, चूक झाली तर जबाबदारी कोणाची?"

तेव्हा त्यांनी त्यांच्या अम्मीची गोष्ट सांगितली.

"अम्मी बागेत कामाला जायची. इंग्रजाचं राज होतं, तीस-पस्तीस साल असंल. बांबूच्या करंड्या भरायच्या, वरून गोणपाट शिवायचं, रेल्वेनं मुंबईला. एकदा शिवली की मालकसुदिक उघडायचा नाय. पन जिनं भरली तिची खूण आत पायजे. अम्मीला लिवता येत नव्हतं. ती एका देठाला लाल दोरा बांधायची. माल खराब निघाला तर मुंबईवरून दोरा वापस यायचा."

मी विचारलं, "अम्मीचा दोरा कधी आला परत?"

"एकदा आला. ती दोन दिस जेवली नाय. मालक एक शबूद बोलला नव्हता तरी."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाईला नंबर मिळाला. आपला बॉक्स, आपला स्टिकर. लावायचा तिने, बंद करायचा तिने.

मी बाहेर. पहिल्या दिवशी अकरा वेळा उठलो, अकरा वेळा आपांनी खिडकीतून नुसतं बघितलं. वजनकाटा आयुष्यात इतका स्वच्छ झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सात नंबरची सुनीता बाहेर आली. "भाऊ, या बागेचे मणी नरम लागतेत. काय करू?"

मी तोंड उघडायच्या आधीच खिडकीतून आपांचा आवाज आला. "त्याला काय इचारती? तुझा हात काय सांगतोय?"

सुनीताने तो माल बाजूला काढला. उरलेला सगळा पास झाला.

त्यानंतर आपांनी मला आत घेतलं, पण एका अटीवर. रोज सकाळी चहाला आधी बायका बोलणार, मी शेवटी. ती अट आजही चालू आहे. सुरुवातीला ओठ चावून बसायचो. आता शेवटी माझ्याकडे बोलायला फारसं उरत नाही.

आज कंटेनर भरायचा होता आणि सकाळी सातला आपांची बातमी आली.

आपा थकून घरी बसल्या तेव्हापासून सुनीता मुकादम आहे. डोळे पुसत म्हणाली, "निम्म्या जणी आत्ता आपांच्या घरी जाऊन येतो, निम्म्या नंतर. गाडी टायमात जाईल. तुम्ही मातीला जा आन् फोन बंद ठेवा."

मी फोन बंद ठेवला.

चार वाजता परत आलो तर कंटेनर गेलेला. कोपऱ्यात वीसेक बॉक्स वेगळे ठेवलेले, वर चिठ्ठी: "मणी नरम. पाठवले नाही. नं. ७."

खरं सांगतो, हात झाकणापर्यंत गेला होता. तो मी खिशात घातला.

आपा, आज एकही बॉक्स उघडला नाही. उद्याही उघडणार नाही.

तुमच्या चाळीस जणींकडून आणि तुम्ही बाहेर बसवलेल्या या भावाकडून, अखेरचा सलाम.