मामाजींचा अंगठा

पुलगावच्या माझ्या मामाजींइतका रीतभात पाळणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या या रीतभातीनं माझं जेवढं डोकं उठवलंय तेवढं कुणाच्या शिव्यांनीही उठवलं नसेल. उभा जन्म कापडाचं दुकान चालवलेला माणूस. कापडाची दहा थानं उलगडायला लावून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं निघालं तरी हे त्याला पायरीपर्यंत सोडायला जाणार. पुढे दुकान मुलाच्या हाती आलं, मामाजींच्या हाती मोबाइल आला आणि तीच रीत तिथंही सुरू झाली. समोर येईल तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायचा आणि खालचा अंगठा दाबून शाबासकी द्यायची. मध्येच सोडणं म्हणजे समोरच्याचा अपमान! एकदा कुणी परदेशी बुवा म्हशीचं खूर तासत होता. मामाजींनी ते सगळं तासणं निष्ठेनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून फोनमध्ये नुसती खुरंच खुरं.

"मामाजी, सरकवा ना पुढे!" मी वैतागून म्हणालो.

"अबे, त्यानं एवढी मेहनत केली. आपलं काय जाते एक अंगठा द्याले?"

आणि हाच दानशूर अंगठा पोटच्या पोरीनं टाकलेल्या फोटोवर कधी पडला नाही. माझी मामेबहीण बंगळुरूला असते. तिनं आपल्या लेकीचा, छोटीचा फोटो टाकला की मामाजी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत आणि झटकन वर सरकवत. का, तर घरच्यांनीच कौतुक केलं की लेकराला नजर लागते! होता होता छोटीचे फोटो दिसायचेच बंद झाले. मामाजी रुसले. लेकीचा फोन आला की न बोलता मामीकडे देऊ लागले. महिनाभर हा तमाशा चालला, तेव्हा मामीनं मला वर्ध्याहून बोलावून घेतलं.

"पोरगी बापाले इसरली," मामाजी म्हणाले.

"ती नाही विसरली. तुम्ही कुठे थांबता, कशाला अंगठा देता, ते हे यंत्र बघतं आणि तसलंच आणखी दाखवतं. तिच्या फोटोवर तुम्ही थांबतच नाही. त्याला वाटलं, तुम्हाला नको आहे."

"माह्या घरात बसून सारं पाहून राह्यला तो, अन् पोरगी माही हाय, एवढं समजत नाई त्याले?"

मी मामेबहिणीचं पान उघडून दिलं. छोटीचे चाळीसेक फोटो होते. मामाजी एकेक पाहत गेले आणि एका व्हिडिओपाशी थबकले.

"अबे, हे तं चालाले लागली! कवा?"

तो व्हिडिओ ते पुन्हा पुन्हा लावत राहिले, तेव्हा मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. त्यांनी मामीला मीठ-मोहऱ्या आणायला लावल्या, फोनवरून तीनदा उतरवल्या, आणि मग धडाधड सगळ्या फोटोंवर अंगठे दिले.

पाच मिनिटांत लेकीचा फोन. या वेळी तो मामाजींनी स्वतः घेतला. "बाबा, तुम्ही पाहता? मले वाटलं, तुम्हाले आवडतच नाई. आवडली का छोटी?"

मामाजी नुसती होकाराची मान हलवत राहिले. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.