भरलं की एक टोला

मंडळी, माझं मत आधीच सांगून ठेवते. भूतखेत, करणी, अंगात येणं या सगळ्याला मी जन्मभर हसत आले. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, पुढं तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की त्याला फळ्यापाशी बोलावून ध्वनीच्या वेगाचं गणित सोडवायला लावायची. त्यामुळं हे लिहिताना मलाच माझी लाज वाटतेय.

लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. तिला सहावा महिना आहे. चंदीगडला वाढलेली पोर, मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की हिंदी. म्हणाली, "मम्मी, कान बंद हो गए हैं यार. अपनी ही आवाज़ गूँजती है." मी फोन कानाला लावून नुसती बसून राहिले. तिला वाटलं लाइन गेली.

तिच्या वेळी मलाही अगदी हेच झालं होतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. माझे मिस्टर चंदीगडच्या एका मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनाला लागले होते आणि मी मिरज सोडून त्यांच्यामागं तिकडं आले. एका सेक्टरात दुमजली घर होतं, वरचा मजला आमचा. खाली घरमालक, निवृत्त सरदारजी आणि त्यांची बायको. त्यांना सगळे दारजी आणि बीजी म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. पंजाबात तेव्हा दिवस वाईट होते. नाक्यानाक्यावर स्कूटर थांबवून डिकी उघडायला लावायचे, दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे. बसमध्ये काही झाल्याची बातमी आली की दारजी रेडिओ बंद करून बागेत जाऊन बसायचे.

सहाव्या महिन्यात एका सकाळी उठून बसले आणि दोन्ही कानांना दडे बसले. बाहेरचं सगळं लांबून आल्यासारखं, आणि माझं स्वतःचं मात्र डोक्यात घुमणारं. श्वास, गिळणं, नाडी... पापड खाल्ला तर डोक्यात गिरणी सुरू! माझाच आवाज मला इतका मोठा वाटायचा की मी हळू बोलायची, आणि हे चिडायचे, "अगं, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?" आईनं पत्रातून लसणीचं तेल कळवलं. कानाच्या डॉक्टरांनी तेल घातलंत तर खबरदार म्हणून दम दिला. म्हणाले, गरोदरपणात होतं असं, औषध नाही, बाळंतपणानंतर आपोआप जाईल. पाणी भरपूर प्या. फारच झालं तर आडवं व्हा, नाहीतर डोकं खाली करून वाका, तेवढ्यापुरतं सुटेल. खरंच सुटायचं. आडवी झाले की जग परत यायचं, बसले की पुन्हा दडे. मी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कानाशी धरायची. गुण शून्य, पण ऊब बरी वाटायची.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. दुपारी चारला पाणी यायचं, पण खालच्या अंगणातला नळ चालू असला तर वर थेंब चढत नसे. खालच्यांनी बंद केला तरच आमची बादली भरणार. बीजी त्या वेळी नळाखाली ड्रम लावून घरात जायची आणि मला खूप वेळ ताटकळावं लागायचं.

कान बसल्यानंतर आठेक दिवसांनी चारच्या सुमाराला मोरीपाशी बसले होते, तेव्हा पाइपावर टक्-टक् असे दोन टोले आले. स्वच्छ. बाहेरचं काही धड ऐकू येत नव्हतं, हे मात्र अगदी डोक्यात वाजल्यासारखं. नळ सोडला तर पाणी! थोड्या वेळानं पुन्हा दोन टोले, मग पुन्हा. अर्धा तास चाललं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, म्हातारीला दया आली, ठोकून सांगतेय.

तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा आभार मानले. माझी हिंदी तेव्हा अगदी मिरजेची. म्हटलं, "बीजी, आप रोज पाइप ठोकते हो, मेरे को बहुत अच्छा पडता है."

बीजीच्या हातात मेथीची जुडी होती. ती तशीच उभी राहिली. "मैं ते नहीं ठोकिया, पुत्त." मग अगदी हळू, "कितनी वारी?"

"दो बार. थोडा रुकके फिर दो बार."

ती जिन्यातच बसली. मेथी पायरीवर पडली, ती मीच गोळा केली.

दारजींनी संध्याकाळी आम्हाला खाली बोलावून सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा जस्सी, एकवीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. आम्ही राहायला यायच्या दोन महिने आधी मित्राकडून पुस्तक आणायला सायकलवर जवळच्या मनीमाजऱ्याला गेला आणि परत आलाच नाही. सायकलही मिळाली नाही. कुणी म्हणे उचलून नेलं, कुणी म्हणे कुणाबरोबर गेला, कुणी म्हणे कालव्यात... खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. दारजी सगळीकडं फिरून आले होते. वर पाणी चढावं म्हणून खालचा नळ बंद करून पाइपावर दोन टोले द्यायचे ही त्याचीच युक्ती, आमच्या आधी वर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी. ज्या पान्यानं तो ठोकायचा, तो अजून नळाजवळ खिळ्याला होता. जस्सी गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बीजी चारला माझ्याकडं यायला लागली. माझ्यासाठी पिन्नी, म्हणजे त्यांच्याकडचे कणकेचे लाडू, घेऊन यायची आणि पाइपाला कान लावून बसायची. तिला काही ऐकू यायचं नाही. मी मान हलवली की डोळे मिटायची. एरवी गल्लीत कुणाशी न बोलणारी बाई त्या अर्ध्या तासात हसायची, मला जस्सीच्या खोड्या सांगायची. माझं डोहाळजेवण ठरलं होतं त्या दिवशी नेमका बंद पुकारला गेला, तिथल्या ओळखीच्या चार मराठी बायकांपैकी एकही पोचली नाही. तेव्हा बीजीनं नारळ, मखाणे न् बताशे माझ्या पदरात घातले आणि तिच्या पद्धतीनं ओटी भरली.

मी गप्प बसणारी नव्हते. प्रयोग केला. आडवी झाले, कान सुटले, टोले बंद. उठून बसले की सुरू. म्हणजे कानातच काहीतरी असणार! हे म्हणाले, "रक्ताचा ठोका ऐकतेस, नाहीतर पाइपात हवा आहे." मान्य. पण पाण्याचं काय? एका शनिवारी ह्यांना घरी थांबवलं. मी टोले आले म्हणाले आणि वरचा नळ वाहायला लागला. हे धावत खाली गेले. खालचा नळ बंद होता आणि ड्रम अर्धाच भरला होता. बीजी शपथेवर सांगत होती की मी नळ सोडूनच वर आले. "म्हातारी विसरली असेल," हे म्हणाले. पण त्यानंतर चारला हे मोरीकडं फिरकले नाहीत.

आठवा महिना लागला तेव्हा दारजी एकदा वर आले. टोपलीत मोसंबी होती आणि नजर जमिनीकडं. म्हणाले, "बेटी, सात महीने हो गए. रिश्तेदार पूछते हैं. मैं पाठ रखवाके भोग डलवाना चाहता हूँ, उसकी रूह के लिए. ये मानती नहीं. कहती है, ऊपर आवाज़ आती है." टोपली खाली ठेवत म्हणाले, "तू कह दे, अब नहीं आती."

भोग म्हणजे ग्रंथसाहिबाच्या पाठाची समाप्ती, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना. तो घालायचा म्हणजे मुलगा गेला हे मान्य करायचं. मला दारजींचंही पटलं. दुसऱ्या दिवशी बीजी येऊन बसली, डोक्यात टोल्यांवर टोले वाजत होते, आणि मी मान हलवली नाही. म्हटलं, "बीजी, आज नहीं. शायद बंद हो गया."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मोरीकडं. माझी बादली काठोकाठ भरून वाहत होती.

"झूठ ना बोल, पुत्त," एवढंच म्हणाली. मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. दारजींनी सांगितलेलं, आणि माझ्या मनातलंही, की हे रोज अर्धा अर्धा तास का चालतं, तो दोनदा ठोकून थांबत का नाही, माझं डोकं फुटायची वेळ आलीय.

बीजीनं हात लांबवून माझा नळ बंद केला. मग म्हणाली, "जवाब नहीं मिलदा ना उसनूं."

तेव्हा कळलं. त्या खुणेचा अर्धा भाग तिनं मला सांगितलाच नव्हता. वरच्यांचं पाणी भरलं की त्यांनी वरून एक टोला द्यायचा. एक टोला म्हणजे पुरे, भरलं. तो आला की मगच जस्सी खालचा नळ सोडायचा. खेळून यायचा, घामानं भिजलेला, घसा कोरडा, तरी आधी वरच्यांचं पाणी. बीजी ओरडायची, अरे आधी तू तर पी! तो म्हणायचा, ऊपर वाले पहले.

"तुझे बताती, तो तू जवाब दे देती," बीजी म्हणाली. "फिर वो हट जाता."

मी काही विचार करून बोलले नाही. वर्गात पोरांना विचारावं तसं तोंडातून निघून गेलं, "बीजी, मतलब वो रोज वहीं खडा रहता है? पानी पिए बिना?"

त्या क्षणी तिचा चेहरा जो झाला, तो मला आजही दिसतो. मी बोलायला नको होतं. ती उठली आणि भिंतीला धरत खाली गेली.

तीन दिवस वर आली नाही. तीनही दिवस टोले येत होते, पण मंद, मध्ये मध्ये थांबत. मला ते ऐकवेनात. मी चारला मुद्दाम आडवी होऊन पडायची, म्हणजे कान सुटतील. तीही पळवाटच म्हणायची.

चौथ्या दिवशी बीजी आली. ओढणीत गुंडाळून तो पाना आणला होता. माझ्या शेजारी बसली. टोले सुरू झाले, मी मान हलवली. तिनं पाना उचलला, पाइपापर्यंत नेला आणि खाली घेतला. असं दोनदा झालं. मग पाना माझ्या हातात द्यायला लागली. मी हात मागं घेतला. "मैं नहीं, बीजी. आपका है वो."

तिनं डोळे मिटले आणि एकच टोला दिला. तो सगळ्यांना ऐकू गेला. अंगणात दारजी खुर्चीतून उठले.

"हट गया?" तिनं विचारलं.

मी ऐकत राहिले. माझा श्वास ऐकू येत होता, माझी नाडी ऐकू येत होती. बाकी काही नव्हतं. देवाशप्पथ, नाही म्हणावंसं वाटलं, अजून येतोय म्हणावंसं वाटलं. पण तिच्याशी एकदा खोटं बोलले होते.

"हाँ, बीजी."

ती जिना उतरली. जरा वेळानं माझ्या नळाची धार बारीक झाली आणि थांबली. मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन खाली वाकले. वाकल्यामुळं कान मोकळे झाले, म्हणून सगळं स्पष्ट ऐकू आलं. बीजीनं खालचा नळ पूर्ण सोडला होता. ड्रम बाजूला सारला होता, पाणी नुसतं फरशीवर वाहत होतं. ती नळासमोर उभी राहून म्हणत होती, "पी लै, पुत्त. हुण पी लै." दारजी तिच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी नळ बंद केला नाही. पाणी जाईपर्यंत दोघं तिथंच होते.

पंधरा दिवसांनी भोग झाला. मी पोट सांभाळत मागं बसले होते. पुढं मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी, डॉक्टर म्हणाले होते तसे, कान आपोआप उघडले. टोले पुन्हा कधी ऐकू आले नाहीत. चारला वर पाणी चढेनासं झालं, मग बीजी स्वतः नळ बंद करून खालून हाक मारायची, "भर लै, पुत्त!" दोन वर्षांनी आम्हाला क्वार्टर मिळाली. तरी माझ्या मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला बीजी पिन्नी घेऊन यायची. आता ती नाही, दारजीही नाहीत.

जस्सीचं शेवटपर्यंत काही कळलं नाही. ना तो आला, ना बातमी, ना सायकल. आणि तेच मला खातं. कानाचं एक वेळ समजू शकते, ठोका म्हणा, हवा म्हणा. पाण्याचंही कुणी हुशार माणूस काही तरी सांगेल, इथं सांगितलंत तर मी वाचेन. पण तो गेलेलाच होता म्हणून आम्ही त्याला मोकळं केलं, की कुठंतरी जिवंत असलेला पोरगा घरच्यांना खूण करत होता आणि आम्ही त्याला वरून 'पुरे' म्हणून कळवलं? भोगाच्या दिवशी बीजीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, तेव्हा तिच्या मनात हेच होतं हे मला कळलं होतं. तिनं कधी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

मुलीला परवा फोनवर कानांचं तेवढं सगळं सांगितलं. पाणी भरपूर पी, कानात तेल घालू नकोस, दडे फारच बसले तर आडवी हो. ती म्हणाली, "और कुछ, मम्मी?"

मी म्हटलं, नाही, बाकी काही नाही.